रश कोचिंगचे पैसे नेमके कशाचे?

अमेरिकेतल्या कॉलेजांत सोरोरिटी नावाच्या विद्यार्थिनींच्या संघटनांत शिरण्यासाठी जो पसंतीचा आठवडा चालतो, तो रश. त्यासाठीच्या साडेतीन हजार डॉलरच्या कोचिंगमध्ये साधारण काय मिळतं ते आधी पाहू. सहा ते आठ व्हिडिओ कॉल, एक पानी रेझ्युमे लिहून देणं, फॉर्मला कुठला फोटो लावायचा याचा सल्ला, इन्स्टाग्रामची झाडाझडती, कुठल्या दिवशी काय घालायचं याचा तक्ता, स्वतःची ओळख करून देणाऱ्या व्हिडिओत काय बोलायचं ते लिहून देणं, दोन-तीन सराव-गप्पा आणि रशच्या आठवड्यात रोज रात्री एक फोन मुलीला, एक तिच्या आईला. तो फोन यादीत तळाशी असतो, पण बरेचसे पैसे त्याचेच असतात.

अमेरिकेच्या दक्षिणेत असे कोच पूर्वीपासून होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अलाबामा विद्यापीठाच्या मुलींचे ‘आज मी काय घातलंय’ छापाचे व्हिडिओ टिकटॉकवर गाजले आणि या धंद्याला देशभर गिऱ्हाईक मिळालं. तासाला शंभर-दोनशे डॉलर घेणाऱ्यांपासून वर्षभराच्या पॅकेजला चार-पाच हजार आणि त्याहूनही जास्त घेणाऱ्यांपर्यंत सगळे दर आहेत. फ्रिस्को, केटी, अल्फारेटा, केरी अशा अमेरिकन उपनगरांतल्या आपल्या मराठी घरांतही हा प्रश्न आता येतो. मुलगी अमेरिकेत जन्मलेली आणि शाळेतल्या मैत्रिणींबरोबर रशला निघालेली. आई पुण्याला किंवा सांगलीला शिकलेली. तिला कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म झोपेतही भरता येईल, पण ‘प्रेफ’ आणि ‘बिड’ हे शब्द ती पहिल्यांदा ऐकते आहे. शेजारच्या अमेरिकन बाईला हे सगळं तिच्या आईकडून नि आत्याकडून फुकट कळलेलं असतं. आपल्याला ते विकत घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. मात्र विकत घेण्याआधी यातलं किती कोचच्या हातात असतं ते माहीत असलेलं बरं.

सोरोरिटी म्हणजे विद्यार्थिनींची सभासद-संघटना. यातल्या पंचवीसेक मोठ्या राष्ट्रीय संघटनांची शिखर संस्था म्हणजे १९०२ साली स्थापन झालेली नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स. कॅम्पसवरच्या त्यांच्या शाखेला चॅप्टर म्हणतात. बोलीत मात्र सगळे ‘हाऊस’च म्हणतात, इमारत असो वा नसो. रश म्हणजे आठवडाभर चालणारा दोन्हीकडून पसंतीचा कार्यक्रम. कांदेपोह्यांची आठवण होणारच, फक्त इथे एका दिवसात आठ-दहा घरी जायचं असतं आणि पोहे कुणीच देत नाही. पाण्याचा एक कागदी ग्लास मिळतो.

सुरुवात नोंदणीपासून होते. ऑगस्टच्या रशसाठी वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या पॅनहेलेनिकच्या, म्हणजे तिथल्या सोरोरिटींच्या परिषदेच्या, साइटवर नोंदणी उघडते. फी कुठे शंभराच्या आत, तर दक्षिणेतल्या मोठ्या ठिकाणी काही शे डॉलर. फॉर्ममध्ये शाळेचा जीपीए (गुणांची सरासरी), गुणपत्रक, उपक्रम, समाजसेवा आणि फोटो मागतात, आणि तो एकच फॉर्म सगळ्या हाऊसना जातो. पहिली चाळणी जीपीएची. प्रत्येक हाऊसची किमान मर्यादा असते, आणि त्याखालच्या मुलीला ‘ग्रेड रिस्क’ म्हणून बाजूला काढतात. तिला घ्यायची मुभा असलीच तर ती मोजक्या जागांपुरती. या ठिकाणी कोच काहीही करू शकत नाही. आपल्या बहुतेक मुलींना इथे अडचण येत नाही. त्यांची अडचण पुढच्या रकान्यात असते.

आपल्याकडचा रेझ्युमे कॉलेजच्या अर्जासाठी तयार झालेला असतो: सायन्स ऑलिंपियाड, डिबेट, कुमॉन, अरंगेत्रम, रुग्णालयात दोनशे तास. हाऊसमधली वीस वर्षांची मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत असे शेकडो फॉर्म वाचते. ती या मुलीशी काय बोलता येईल ते शोधत असते, तिची गुणवत्ता मोजत नसते. ‘भरतनाट्यम, ११ वर्षं’ या ओळीवर ती काय बोलणार? ‘११ वर्षं भरतनाट्यम, दर दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात सात-आठ वर्षांच्या मुलींचा नाच बसवते’ असं लिहिलं की पहिला प्रश्न आपोआप तयार होतो. बहुतेक कोच रेझ्युमेवर जे ‘काम’ करतात ते हेच. बारा ओळींपैकी आठ काढून टाकायच्या आणि उरलेल्या चार ओळींत माणूस आणायचा. एका संध्याकाळचं काम आहे.

मग ‘रेक’, म्हणजे त्या संघटनेच्या माजी सभासदाने ऑनलाइन भरलेलं शिफारसपत्र. २०२० नंतर अनेक संघटनांनी रेकची अट काढून टाकली आणि आई-आजी सभासद असलेल्या ‘लेगसी’ मुलींना मिळणारं झुकतं मापही बऱ्याच जणींनी बंद केलं. तरी अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया पट्ट्यात रेक आलेली असली तर फायल जाड दिसते, नसली तर पातळ. रेक फक्त त्याच संघटनेची सभासद देऊ शकते, हे लक्षात ठेवायचं. म्हणजे कोच स्वतः एका संघटनेची माजी सभासद असेल, तर ती फार तर त्या एकाच हाऊससाठी लिहू शकते. ‘आम्ही सगळ्या हाऊसच्या रेक मिळवून देतो’ याचा अर्थ मुलीला कधीही न भेटलेल्या बायकांकडून फॉर्म भरून घेणं. वाचणाऱ्यांना असा मजकूर लगेच ओळखू येतो.

रेक मिळवायचा फुकटचा मार्ग आहे, पण आपल्या लोकांना तो सहसा कुणी सांगत नाही. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटासारख्या शहरांत वेगवेगळ्या संघटनांच्या माजी सभासदांची मिळून एक अलम्नी पॅनहेलेनिक असोसिएशन असते. अशा संस्था वसंतात माहितीसत्रं घेतात आणि ज्यांच्या ओळखी नाहीत अशा मुलींना रेक देणाऱ्या बायकांशी जोडून देतात. शिवाय शाळेची काउन्सेलर, पोहण्याची कोच, आईच्या ऑफिसातल्या सहकारी यांना सरळ विचारायचं की तुम्ही कॉलेजात कुठल्या सोरोरिटीत होता का. दहा जणींना विचारलं तर दोन-तीन तरी निघतात. त्यांना रेझ्युमे, फोटो आणि गुणपत्रकाची प्रत एका ईमेलमध्ये पाठवायची, मेअखेरपर्यंत. जुलैत विचारलं तर उशीर होतो. नंतर हाताने लिहिलेलं आभाराचं कार्ड पाठवायचं. याला अमेरिकेत अजून किंमत आहे.

इन्स्टाग्रामबद्दल कोच जे सांगतात त्यात गुपित काहीच नाही. हाऊसमधल्या एका मुलीकडे हेच काम असतं, येणाऱ्या मुलींची खाती बघायचं. लाल प्लॅस्टिकचा ग्लास हातात असलेला फोटो, मग त्यात लिंबूसरबत का असेना, काढून टाकायचा. मात्र जुलैत एकदम चाळीस फोटो उडवले की खातं ओकंबोकं दिसतं आणि कशासाठी उडवले तेही कळतं. साफसफाई जानेवारीत करावी.

ओळखीचा व्हिडिओ बऱ्याच ठिकाणी मागतात, साधारण मिनिटभराचा. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला, खिडकीकडे तोंड करून. गोष्टी दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाहीत. आपल्या मुलींसाठी त्यातले पहिले पाच सेकंद नावाचे आहेत. मृण्मयी, ज्ञानदा, शर्वरी ही नावं रात्री अकरा वाजता चाळीस मुलींची टिपणं लिहिणाऱ्या मुलीला आठवली पाहिजेत. नाव बदलायची काही गरज नाही. हळू, दोनदा म्हणायचं आणि एखादी खूण द्यायची: ‘शर्वरी, श-र-व-री, शेवट सॉरीसारखा’. टोपणनाव खरोखर वापरात असेल तर तेच बॅजवर घालावं. फक्त रशसाठी ‘मिया’ झालेली मुलगी तिसऱ्या दिवशी हाक आली की वळून बघत नाही.

आता आठवडा. पहिली फेरी ओपन हाऊस, यात सगळ्या हाऊसना भेट. हल्ली काही ठिकाणी ही फेरी किंवा तिचा भाग व्हिडिओवरच होतो. दुसरी फिलान्थ्रॉपी, म्हणजे ते हाऊस कुठल्या समाजकार्याला पैसे उभे करतं ते सांगण्याची. तिसरी सिस्टरहूड, यात घर दाखवतात. चौथी प्रेफरन्स, म्हणजे प्रेफ. शेवटी बिड डे, म्हणजे हाऊसकडून सभासदत्वाचं बोलावणं (बिड) हाती येण्याचा दिवस. पहिल्या फेरीची भेट पंधरा-वीस मिनिटांची, प्रेफची पाऊण तास ते तासाची. फेरीगणिक हाऊस कमी होत जातात. सोळापासून सुरुवात असेल तर पुढे जास्तीत जास्त बारा, मग सात-आठ, आणि प्रेफला दोन. दर फेरीनंतर मुलगी आपला क्रम भरते, हाऊस आपली यादी भरतं आणि कॉम्प्युटर दोन्ही जुळवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळापत्रक उघडलं की कुणी ठेवलं नि कुणी काढलं ते कळतं.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण किती मुली काढायच्या हे हाऊस स्वतः ठरवत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं, आणि कोचचे पैसे द्यायचे की नाही याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. कॉन्फरन्सची एक पद्धत आहे, तिचं नाव रिलीज फिगर्स. प्रत्येक हाऊसने बोलावलेल्या मुलींपैकी मागच्या काही वर्षांत किती परत आल्या, यावरून त्या हाऊसला दर फेरीला किती मुलींना बोलावता येईल याचा आकडा दिला जातो. धरा, दोन हजार मुली आणि सोळा हाऊस आहेत. प्रेफपर्यंत सोळाशे उरतील असा अंदाज, म्हणून प्रत्येक हाऊसचा कोटा शंभर. ज्या हाऊसने बोलावलं की जवळजवळ सगळ्याच येतात, त्याला पहिल्या फेरीनंतर दोन हजारांपैकी कदाचित नऊशेच ठेवता येतील. ज्याला मुली खालचा क्रम देतात ते सतराशे ठेवेल. म्हणजे नावाजलेल्या हाऊसला पहिल्याच रात्री अकराशे मुली काढाव्याच लागतात, आवडल्या असल्या तरी. हे मुद्दाम केलेलं आहे. शेवटच्या दिवशी धक्का बसण्यापेक्षा पहिल्या दिवशी बसलेला बरा, आणि ज्या हाऊसमध्ये खरोखर जागा मिळू शकते तिकडे मुलीचं लक्ष लवकर जातं.

त्या अकराशे काढताना हाती असतं काय? वीस मिनिटांची एक भेट, फॉर्म, जीपीए, रेक आणि आधीची ओळख. शेवटचं सगळ्यात जड. त्याच गावातली, त्याच शाळेतली, कुणाच्या तरी धाकट्या बहिणीची मैत्रीण असलेली मुलगी यादीत राहते. अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या मुलीला टस्कलूसात, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावी, मिळणारा हा फायदा न्यू जर्सीच्या मुलीला साडेतीन हजार डॉलर देऊन मिळत नाही. पहिल्या दिवशी सहा हाऊसनी काढलं की घरी ‘मी काय चुकीचं बोलले’ याची उजळणी सुरू होते. बहुतेक वेळा बोलण्यात काही चुकलेलं नसतं.

आणि रंगाचं? ते टाळून चालणार नाही. अलाबामात २०१३ साली विद्यापीठाच्याच विद्यार्थी वृत्तपत्राने छापलं की उत्तम गुणांच्या कृष्णवर्णीय मुलींना पारंपरिक गोऱ्या हाऊसनी नाकारलं, आणि त्यात माजी सभासदांचा दबाव होता. देशभर बोभाटा झाला, विद्यापीठाने प्रवेश पुन्हा खुले करायला लावले आणि मग काही मुलींना बिड मिळाली. तेव्हापासून परिस्थिती बदलली आहे, पण दक्षिणेतल्या काही हाऊसचे गटफोटो आजही एकसारख्या केसांचेच दिसतात. ‘तुमच्या मुलीचं वेगळेपण हाच तिचा ब्रँड’ असं सांगणारे कोच असतात. विक्रीसाठी हे वाक्य बरं आहे, पण आत कोण मत देतंय ते त्याने बदलत नाही.

कोचिंगचा खरा उपयोग कुठे होत असेल तर तो गप्पांत. दारात घोषणा देत उभ्या असलेल्या शंभर मुलींमधून एक जण पुढे येते, हात धरते, आत नेते. ती पाच-सात मिनिटं बोलते. मग मागून दुसरी येऊन तिच्या पाठीला हलकेच हात लावते. याला ‘बम्प’ म्हणतात. पहिली ओळख करून देते, ‘हीसुद्धा नाच शिकवते बरं का’, आणि निघून जाते. कोपऱ्यात किंवा मागच्या खोलीत जाऊन ती लगेच टिपण करते, बऱ्याच ठिकाणी आकड्यात गुण देते. चार-पाच जणींचा असा एक गट फिरत असतो आणि कोण कुणाला भेटणार ते आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. एका भेटीत मुलगी दोघी-तिघींशी बोलते. टिपण लिहिताना पहिलीला जी एक ठोस गोष्ट आठवते, तेवढीच मुलगी कागदावर उरते.

‘तू कुठली?’ या प्रश्नाला ‘टेक्सास’ म्हणून थांबणाऱ्या मुली रोज शेकड्याने भेटतात. ‘डॅलसजवळच्या फ्रिस्कोची. ग्रँड प्रेरीला क्रिकेटचं स्टेडियम झाल्यापासून बाबा मला दर उन्हाळ्यात तिकडे ओढून नेतात, आता मला नियमसुद्धा कळायला लागलेत. तुझ्या घरी कुणी असं कशाचं वेड लावलंय का?’ असं म्हटलं की तीन गोष्टी झाल्या: चित्र उभं राहिलं, थोडं हसू आलं आणि चेंडू समोरच्या मुलीकडे गेला. प्रत्येक उत्तराच्या शेवटी प्रश्न परत करायचा, हा यातला सगळ्यात कामाचा नियम. आपल्या मुलींची नेहमीची चूक म्हणजे मुलाखत दिल्यासारखं बोलणं. उत्तर नीट, पूर्ण, आणि मग शांतता. वर्गात ते चालतं, इथे समोरची घामाघूम होते.

विषयांबद्दलचं पथ्य जुनंच आहे: मुलगे, दारू, राजकारण, धर्म, पैसा. धर्माचं आपल्याकडे जरा वेगळं. गणपतीचा विषय वर्ज्य नाही. ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते, दहा दिवस घरी मोदकांचा कारखाना असतो, हे सांगावं, लोकांना ते ऐकायला आवडतं. पूजा का करतात यात मात्र शिरू नये. आणखी एक पथ्य म्हणजे दुसऱ्या हाऊसबद्दल अवाक्षर नाही. उन्हात तंबूखाली रांगेत उभं असताना बाकीच्या मुली कुठलं हाऊस ‘टॉप’ नि कुठलं नाही यावर बोलत असतात. निनावी रँकिंगच्या साइटी वाचून आलेल्या असतात त्या. अशाच गप्पांमुळे मुली चांगल्या हाऊसना उगाच खाली टाकतात.

या गप्पांचा सराव घरी होतो. सात मिनिटांचा टायमर, उभ्याने, आणि स्पीकरवर मोठ्याने गाणी लावून, कारण हाऊसमध्ये एवढा गोंगाट असतो की तिसऱ्या दिवसापर्यंत घसा बसतो. समोर आई नको. कॉलेजात असलेली एखादी ताई किंवा मंडळातली तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी मुलगी. आठवड्यातून दोन वेळा, तीन आठवडे. दर वेळी दोघी-तिघींनी एकीमागून एक ‘बम्प’ करायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला उत्तरं पाठ झाल्यासारखी यायला लागली की थांबायचं. जास्त कोचिंग घेतलेल्या मुली नेमक्या यावरून ओळखू येतात. प्रत्येक वाक्य गुळगुळीत, आणि ‘मला नेतृत्व आणि भगिनीभाव महत्त्वाचे वाटतात’ हे एकाच दिवसात नऊ जणींकडून ऐकलेलं असतं.

कपड्यांवर थोडक्यात. पहिल्या दिवशी बऱ्याच ठिकाणी दिलेला टी-शर्ट आणि शॉर्ट्स किंवा स्कर्ट, मग साधा ड्रेस, सिस्टरहूडला जरा बरा, प्रेफला कॉकटेल ड्रेस. टस्कलूसा किंवा मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीला जातो आणि हवा दमट. सिल्क नको, राखाडी रंग नको, घाम लगेच दिसतो. टाचा रुंद हव्यात, टोकदार टाच हिरवळीत रुतते. पिशवीत चपटे बूट, फोडांवरच्या पट्ट्या, हातपंखा, सेफ्टी पिना, छत्री, चणे किंवा असंच काही खाणं. पिशवी दाराबाहेरच ठेवावी लागते, म्हणून महागडी नको. ड्रेस हजाराचा असला काय नि साठाचा असला काय, टिपण लिहिणारीला रंग आठवला तरी पुष्कळ.

सल्ल्याची सगळ्यात जास्त गरज लागते ती क्रम भरताना, आणि चुकीचा सल्ला सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच करतो. दर फेरीला जेवढी बोलावणी येतील तेवढी, मर्यादेपर्यंत, स्वीकारायचीच असतात. प्रेफला दोन हाऊसला जाऊन आल्यावर लगेच एका करारावर सही करायची असते. त्याचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, आद्याक्षरांवरून ‘मराबा’ म्हणतात. त्यात दोन्ही हाऊसची नावं क्रमाने लिहिता येतात किंवा एकच. शेवटपर्यंत सगळी बोलावणी स्वीकारून दोन्ही नावं लिहिलेली मुलगी कोट्यात बसली नाही, तरी कोट्याबाहेरची जास्तीची जागा देऊन तिला सामावून घेता येतं. एकच नाव लिहिलं की ती सोय गेली. त्या एका हाऊसच्या यादीत वर नसली तर हाती काहीच नाही. लिहिलेल्या हाऊसची बिड आली आणि ती नाकारली, तर त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या रशपर्यंत कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या कुठल्याही हाऊसमध्ये जाता येत नाही. म्हणून नियम साधा आहे: ज्या हाऊसमध्ये सभासद म्हणून खरोखर राहता येईल त्याचंच नाव लिहायचं, आणि दोन्हीत राहता येणार असेल तर दोन्ही लिहायची. ‘मनातलं एकच लिही, हिंमत दाखव’ असं सांगणारा कोच असेल तर फोन ठेवावा.

हे सगळं विद्यापीठाकडून फुकट समजावून मिळतं. प्रत्येक मुलीला एक रिक्रूटमेंट काउन्सेलर दिलेली असते. कुठे तिला रो गॅमा म्हणतात, कुठे पाय काय, कुठे गॅमा काय. ती स्वतः एखाद्या हाऊसची सभासद असते, पण बऱ्याच ठिकाणी त्या काळापुरती आपल्या हाऊसपासून अलग झालेली असते आणि ते कुठलं हे सांगत नाही. रात्री रडायला खांदा तिचाच. क्रम भरताना पडलेला प्रश्न तिला विचारायचा, आठशे मैलांवरून बोलणाऱ्या आणि आज आत काय झालं ते न पाहिलेल्या कोचला नाही.

मग खर्च. दक्षिणेतल्या मोठ्या कॅम्पसवर नव्या सभासदाचा खर्च पहिल्या वर्षी दर सेमिस्टरला चार हजार डॉलरच्या वर जातो. त्यात हाऊसमधलं जेवण, इमारतीचा निधी, दीक्षेची फी, बॅज हे सगळं आलं, राहायची खोली नाही. इतर बऱ्याच ठिकाणी तो यापेक्षा खूपच कमी असतो. टी-शर्ट, ‘लिटल’साठीच्या (म्हणजे हाऊसमध्ये आपल्या हाताखाली दिलेल्या नव्या मुलीसाठीच्या) भेटी, ‘फॉर्मल’ या नाचाच्या पार्टीचे कपडे, बैठक चुकवल्याचा दंड हे वेगळं. कोचला दिलेले साडेतीन हजार म्हणजे जवळजवळ एका सेमिस्टरची वर्गणी. आकडे विद्यापीठाच्या पॅनहेलेनिकच्या पानावर हाऊसवार दिलेले असतात. कोचशी बोलण्याआधी आईबापांनी ते पान उघडावं.

तर, माझ्या मते कोचिंग घ्यावं अशी जागा एकच आहे: मुलगी दक्षिणेतल्या मोठ्या, चुरशीच्या कॅम्पसवर बाहेरगावाहून चालली आहे, घरात-ओळखीत यातलं कुणीच नाही, आणि अलम्नी पॅनहेलेनिकचं सत्र हुकलं आहे. तेव्हाही पॅकेज नको. जून-जुलैत दोन ते तीन तास, तासाच्या दराने. एक तास फॉर्म आणि रेझ्युमेवर, एक सराव-गप्पांवर, अर्धा क्रम आणि करार समजून घ्यायला. पाचशे डॉलरच्या आत हे बसतं. मिडवेस्ट, कॅलिफोर्निया, ईशान्येकडच्या बहुतेक कॅम्पसवर तेवढंही लागत नाही. इंडियाना किंवा व्हर्जिनियासारख्या ठिकाणी मुख्य रश जानेवारीत असतो. तिथे मुलगी एक सत्र कॅम्पसवर राहिलेली असते, त्या हाऊसमधल्या मुलींना वर्गात, जेवणघरात भेटलेली असते, आणि कॉलेजचे स्वतःचे गुण हाती असतात. तिथे ऑगस्टपासून माणसं ओळखणं हेच कोचिंग.

रशमध्ये जमलं नाही तर बिड डेनंतरही ज्या हाऊसमध्ये जागा उरते ते वर्षभर, गाजावाजा न करता, मुली घेत राहतात. दोन-तीन अनौपचारिक भेटी, कॉफी, आणि बिड. आणि आपल्या मुलींसाठी एक वेगळं दारही आहे. १९९८ साली ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा या दक्षिण आशियाई मुलींनी सुरू केलेल्या सोरोरिटी निघाल्या, आणि आज त्यांचे चॅप्टर अनेक विद्यापीठांत आहेत. त्यांचा रश असा आठवडाभराचा नसतो. माहितीसत्रं होतात, मुलाखत होते, मग थोड्या मुली घेतात. वर्गणी बरीच कमी. तिथे कोचला काही कामच नाही.

एवढं वाचूनही पॅकेज घ्यायचंच असेल तर कोचला तीन गोष्टी विचाराव्यात. त्या स्वतः कुठल्या कॅम्पसवर, किती वर्षांपूर्वी, हाऊसच्या आत रिक्रूटमेंटचं काम करत होत्या? दहा वर्षांपूर्वीचं असेल तर नियम बरेच बदललेत. रिलीज फिगर्स कसे चालतात हे दोन मिनिटांत सांगा म्हणावं. जी सांगू शकत नाही ती फक्त कपडे निवडून देणार. ‘अमुक हाऊस मिळवून देतो’ किंवा ‘आतल्या मुलींशी आमची ओळख आहे’ असं म्हणाली तर तिथेच थांबावं, कारण यादी आणि मतदान हाऊसबाहेर सांगायचं नसतं. तिसरी गोष्ट, मुलीने दुसऱ्याच दिवशी ‘मला नको हे’ म्हणून रश सोडला तर उरलेले पैसे परत मिळतात का. बरेच जण पूर्ण रक्कम वसंतातच घेतात. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर फोनवर न घेता ईमेलवर लेखी घ्यावं, आणि रशसाठी विद्यापीठात भरलेल्या फीची परतीची शेवटची तारीखही त्याच दिवशी कॅलेंडरवर टाकावी.